सोमवारी टिकेल ते घ्यायचं

डॉक्टरांनी बायकोच्या दुखण्याचं नाव सांगितलं त्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला, किती महिने. डॉक्टरांनी आकडा टाळला. तिने तो त्यांच्या चेहऱ्यावरून वाचला आणि बाहेर आल्यावर नवऱ्याला, म्हणजे लाँड्रीच्या मालकांना, म्हणाली, घरी जायच्या आधी लाँड्रीवरून जाऊ, चार नंबरच्या मशीनचा पट्टा आज यायचा आहे.

गाडी कशी चालवली ते मालकांना नंतर आठवेना. लाँड्रीत पोचल्यावर तिने पट्टा बसवून घेतला, मशीन रिकामं फिरवून पाहिलं, फिटरला दोन शब्द सुनावले आणि मग आपल्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन भिंतीवरचं लोखंडी कपाट उघडलं. आत नेटवर्कची खोकी होती, लुकलुकणारे हिरवे दिवे होते आणि निळ्या तारांचा गुंता होता.

“इकडे या जरा,” ती म्हणाली. “हे तारांचं आता तुम्हाला समजून घ्यायला हवं.”

“आधी बरी हो. मग सांग,” असं म्हणून मालकांनी कपाटाचं दार स्वतःच्या हाताने लावलं.

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विषय सोडला. पुढे दुखणं असं अंगावर आलं की तो विषय परत निघालाच नाही. सातव्या महिन्यात ती गेली.

लाँड्री म्हणजे काही कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलाच्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे आणि ऑपरेशनचे हिरवे अंगरखे इथे धुवायला येत. इमारतीला दोन दारं. एका दाराने मळकं आत यायचं, दुसऱ्या दाराने स्वच्छ बाहेर जायचं, आणि मधे पक्की भिंत, कारण मळक्याचा वारासुद्धा स्वच्छाला लागता कामा नये. प्रत्येक गठ्ठ्याला रेघांची पट्टी शिवलेली. कामगार हातातलं यंत्र पट्टीवर धरायचे, ते टुंग करायचं, आणि कुठल्या वॉर्डाचा कुठला गठ्ठा कुठे आहे ते केबिनमधल्या कॉम्प्युटरला कळायचं. तिकडे हॉस्पिटलात मेट्रनबाईंनाही तेच दिसायचं. ही सगळी व्यवस्था नऊ वर्षांपूर्वी बायकोने बसवून घेतली होती. साबण, वाफ आणि डाग हा मालकांचा प्रांत. तारा, खोकी आणि मेट्रनबाई हा तिचा.

ती गेल्यावर दीडेक महिना सगळं ठीक चाललं. मग यंत्रं मधूनमधून मुकी होऊ लागली. दुपारी ड्रायर तापले की हमखास. कुणीतरी जाऊन कपाटातलं बटण बंद करून चालू करायचं, तासभर बरं चालायचं, पुन्हा तेच रडगाणं. इस्त्रीखान्यात एक मावशी होत्या. लाँड्रीत मालकांइतक्याच जुन्या, आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम. त्या म्हणाल्या की वहिनी गेल्या आणि खोक्यांनी अन्नपाणी सोडलं. मालकांना ते मनातून पटलं. त्यांचंही तेच झालं होतं.

दुरुस्तीवाला आणला. त्याने लॅपटॉप जोडला, बोटं मोडली आणि पासवर्ड विचारला.

“तो हिला ठाऊक आहे,” मालक म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. दुरुस्तीवाला बिचारा मान खाली घालून उगाच तारा मोजत बसला. चहा घेऊन गेला, आणि पासवर्डाशिवाय आत शिरता येत नाही, असं सांगून गेला.

मग एका मंगळवारी प्रकरण अंगाशी आलं. ऑपरेशनच्या अंगरख्यांची ट्रॉली यंत्रात नोंदलीच गेली नाही आणि लहान मुलांच्या पांघरुणांबरोबर भलत्याच मजल्यावर जाऊन उभी राहिली. एक ऑपरेशन दोन तास थांबलं. पेशंटला काही झालं नाही, पण मेट्रनबाईंनी मालकांना बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वहिनींचं फार वाईट वाटतं म्हणाल्या, आणि त्याच आवाजात म्हणाल्या की दोन महिन्यांत तुमचा आकडा आणि आमचा आकडा रोजच्या रोज जुळायला लागला नाही, तर मला हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

हॉस्पिटलाचं काम गेलं तर लाँड्रीत बावीस माणसं उरणार होती आणि धुवायला काही नाही. मालक मान डोलावून परत आले.

नवीन सामान घ्यायचं हे तर उघड होतं. कुणाकडून, तिथे गाडी अडली. आजवर असल्या गोष्टी बायको ठरवायची. मालक फक्त सही करायचे, आणि करून झाल्यावर विचारायचे की कशावर केली.

मुलगी दुसऱ्या गावी विमा कंपनीत नोकरीला होती. तिने फोनवर सांगितलं, “बाबा, मोठी कंपनी घ्या. आमच्या ऑफिसात त्यांचंच आहे. काही झालं तर मागे कुणीतरी उभं असतं.” मेहुण्याच्या ओळखीचा एक जण होता. मेहुण्याचं म्हणणं, मोठ्या कंपनीत तुम्ही एक नंबर असता, इकडे निदान नाव घेऊन हाक मारतील. आणि मावशींनी तिसरीच एक बाई सुचवली. तिने त्यांच्या नातीच्या शाळेत तारा ओढल्या होत्या, आणि मावशींच्या म्हणण्याप्रमाणे जाताना केरही काढून गेली होती. मावशींच्या लेखी यापुढे दुसऱ्या पात्रतेची गरज नव्हती.

मोठ्या कंपनीचा माणूस टाय लावून आला. धुलाईच्या हॉलची फरशी ओली होती आणि त्याचे बूट नवे होते, तेव्हा तो केबिनच्या पुढे काही गेला नाही. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात काचेची ऑफिसं आणि कुंडीतली झाडं. मालकांनी विचारलं, यात लाँड्री कुठे आहे. तो म्हणाला, तत्त्व तेच आहे, सर.

आता इथे लाँड्रीची एक रीत सांगायला हवी. साबणाची पावडर विकणारे लोक नेहमी यायचे. ते बरोबर पांढरा रुमाल आणायचे, त्यावर शाईचा थेंब टाकायचे आणि तुमच्यासमोर धुऊन दाखवायचे. मालकांनी तरुणपणापासून एक नियम ठेवला होता. रुमाल खिशात ठेवा म्हणायचं आणि हातात सोमवारची चादर द्यायची. रविवारी लाँड्री बंद, त्यामुळे सोमवारी दोन दिवसांचं कापड एकदम येतं, आणि हॉस्पिटलाचं दोन दिवसांचं कापड काय चीज असते ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. “मळ आमचा, पावडर तुमची, बघू,” एवढंच मालक म्हणायचे. निम्मे लोक परत यायचे नाहीत. मशीनं, ड्रायर, इस्त्रीचे रोलर, सगळं याच चाळणीतून आत आलं होतं. सोमवारी टिकेल ते घ्यायचं.

तेव्हा मालकांनी ठरवलं की नेटवर्कवाल्यांनाही हाच कायदा. ज्याला सामान विकायचंय त्याने ते आमच्या हॉलमध्ये सोमवारपासून आठवडाभर चालवून दाखवावं.

टायवाला हसला. असं सामान वापरून बघायला देत नाहीत म्हणाला, ते प्रयोगशाळेत पन्नास डिग्रीत तपासलेलं असतं. मावशी चहाचे कप उचलायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, पन्नास डिग्रीत यंत्र होतं की तुम्ही होतात. तो पुन्हा हसला, पण बॅग आवरायला लागला.

मेहुण्याचा माणूस कशालाच नाही म्हणेना. आठवडा काय, महिना ठेवतो. वाफेत चालेल का, होऊन जाईल. दिवसाला नऊशे गठ्ठे, होऊन जाईल. बोलून झाल्यावर तो मालकांच्या पाया पडायचा तेवढा राहिला. लाँड्रीत त्याचं नावच होऊनजाईल पडलं. सोमवारी सकाळी सात वाजता येतो म्हणाला आणि गुरुवारी दुपारी आला. उशीर का, तर सोमवारी रस्त्यात फार गर्दी होती. मेहुणा त्या वेळी हजर होता. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.

तिसरी बाई खांद्यावर स्वतःची शिडी घेऊन आली. चाळिशीची असेल, केसांना फडकं बांधलेलं. तिची कंपनी म्हणजे ती आणि फोन घ्यायला बसणारा तिचा चुलतभाऊ. नमस्कार करून तिने केबिन विचारली नाही, ड्रायर कुठे आहेत ते विचारलं. मळक्या दारापासून स्वच्छ दारापर्यंत दोनदा चालली, तीनदा शिडीवर चढली, एकदा नाक धरलं, पण परत फिरली नाही. कामगारांनी तासाभरात तिला शिडीवाली करून टाकलं. सगळ्यात शेवटी तिने केबिनमधलं कपाट उघडलं आणि आतूनच विचारलं, “हे कोण झाडत होतं?”

कुणीच नाही, मालक म्हणाले. खोकं कोण कशाला झाडेल?

“कुणीतरी झाडत होतं. या बघा.”

ड्रायरमधून कापडाची रुई उडते. लाँड्रीत ती सगळीकडे असते, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. खोक्याच्या बाजूला हवा खेळायला बारीक जाळी होती आणि ती रुईने गादीसारखी बुजली होती. शिडीवालीने बोटाने थर उचलून दाखवला. वरचा थर जाड होता आणि त्याच्या खाली पत्रा लख्ख. पाच-सहा महिन्यांची रुई आहे म्हणाली, त्याआधी नऊ वर्षं नियमाने साफ होत असणार, नाहीतर हे खोकं कधीच जळून गेलं असतं. मग तिने कपाटाच्या वरच्या फळीवर हात फिरवला आणि एक ब्रश काढला. केस रुईने पांढरे झालेले, लाकडी मूठ, मुठीला एक चीर.

मालकांनी ती चीर ओळखली. तो त्यांचा दाढीचा ब्रश होता. आठ वर्षांपूर्वी हरवला होता. तेव्हा मेहुणा आठ दिवस राहायला आला होता आणि मालकांनी थेट त्याच्यावरच आळ घेतला होता. मेहुण्याने त्यावरून वर्षभर घरात पाऊल टाकलं नव्हतं. आणि बायको सगळा वेळ मूग गिळून बसली होती, भावाच्या बाजूने बोलली नव्हती की नवऱ्याच्या, कारण ब्रश तिला हवा होता.

मालक हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले. किती महिन्यांत हसले नव्हते ते मावशींना बरोबर ठाऊक होतं. त्यांनी इस्त्रीखान्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं.

मालकांनी तिथूनच मेहुण्याला फोन लावला आणि ब्रश सापडला एवढंच सांगितलं.

“आठ वर्षं मी तुमच्या घरी चोर म्हणून जेवतोय, भावजी,” मेहुणा म्हणाला. “ताईला माहीत होतं ना? ती मला वाढताना हसायची. मला वाटायचं, प्रेमाने हसतेय.”

शिडीवालीने जाळी झाडली. त्या दुपारी यंत्रं मुकी झाली नाहीत, आणि मालकांना वाटलं सुटलो. तिनेच त्यांना खाली आणलं. झाडून हे आणखी थोडे दिवस ओढेल म्हणाली, पण पाच-सहा महिने आतून भाजलंय, दोन महिन्यांच्या मुदतीला हे पुरणार नाही. तुम्हाला नवीन घ्यायलाच हवं. माझ्याकडून घ्या असं म्हणत नाही, पण घ्या. आठवडाभर चालवून बघायचं तिला लगेच पटलं. तिने एक नवीन खोकं कपाटात बसवलं, आणि छताजवळ लावायची वाय-फायची पांढरी तबकडी ड्रायरच्या हॉलमधल्या खांबावर खडूने खूण करून लावली.

सोमवारी नऊशे बारा गठ्ठे आले. खोकं एकदाही अडलं नाही. मंगळवारीही नाही. मालकांनी घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं. बुधवारी अकरा वाजता सगळी यंत्रं एकदम मुकी झाली.

मालकांनी हातपाय गाळले. दोन महिन्यांतले सव्वीस दिवस गेले होते. एकाने सामान दिलं नव्हतं, एक वेळेवर आला नव्हता, आणि जिच्यावर विश्वास टाकला तिचं सामान तिसऱ्या दिवशी तोंडावर पडलं. मेहुणाही धावत आला. अर्ध्या तासात शिडीवाली आली, खांबापाशी गेली आणि नुसती बघत राहिली. खांबावर खडूची खूण होती. तबकडी नव्हती.

तबकडी सापडली चार नंबरच्या मशीनवर, वाफेच्या ऐन झोतात, पाइपाला फाटक्या चादरीच्या पट्टीने बांधलेली. शिडीवालीने ती सोडून खाली आणली आणि तिरपी केली, तर किटलीतून ओतावं तसं पाणी आलं.

सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या. मावशींना काडीची लाज नव्हती. मंगळवारी सुटताना त्यांनीच फिटरकडून ती तिथे लावून घेतली होती. या लाँड्रीत परीक्षा म्हणजे सगळ्यात वाईट जागी उभं करायचं, हे त्या तीस वर्षं बघत आल्या होत्या. खांबावर काय, खांबावर मीसुद्धा टिकले असते, असं त्यांचं म्हणणं.

मालकांना आता बोलणी खावी लागणार होती. तुम्ही आमचं सामान बुडवलंत, भरून द्या, असंच कुणीही म्हटलं असतं. मेहुणा तर बाह्या सरसावून तयार होता. पण शिडीवाली उपड्या टोपलीवर बसली आणि तिने मावशींनाही शेजारी बसवलं.

“गरम जागा तर पुष्कळ आहेत,” तिने विचारलं. “बॉयलर आहे, रोलर आहे. तुम्ही हीच का निवडलीत?”

“कारण सगळे इथेच उभे असतात ना,” मावशी म्हणाल्या, जणू हे विचारायचं काय.

मग ते बाहेर आलं. ट्रॉल्यांची रांग नेहमी चार नंबरपाशी तुंबते. हातात यंत्र घेतलेली माणसं तिथेच खोळंबून राहतात. वहिनी असताना तिथे कुणी पट्टीला यंत्र लावलं तर त्या केबिनमधून काचेवर अंगठीने टकटक करायच्या, आणि माणूस मुकाट्याने ट्रॉली ढकलत दारापर्यंत जायचा, कारण जुनी तबकडी दारापाशी होती आणि चार नंबरपर्यंत तिचं वाय-फाय पोचत नव्हतं. आता टकटक करायला कोणी नाही. माणसं उभी असतात तिथेच यंत्र लावतात. कधी लागतं, कधी लागत नाही, आणि लागलं नाही तरी ट्रॉली पुढे सरकते. मावशींना परीक्षा तर घ्यायची होतीच, पण त्यांच्या मनात हेही होतं की जिथे हात आहेत तिथे ही बशी असायला हवी.

शिडीवालीने कपाळाला हात लावला. “मग चूक माझी आहे. मी भिंती पाहिल्या, वाफ पाहिली. माणसं कुठे उभी राहतात तेवढंच पाहिलं नाही. हे गेलं ते माझं गेलं.”

ती दिवसभर तिथेच बसली आणि माणसांकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत तिने दोन नव्या जागा ठरवल्या. त्यातली एक चार नंबरच्या समोर, वाफेच्या झोतापासून हातभर बाजूला, आणि तबकडीसुद्धा दुसऱ्या जातीची, पाणी आत जाणार नाही अशी बंद केलेली. गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत, मधला सोमवार धरून, एकही गठ्ठा चुकला नाही.

मालक केबिनमध्ये बसून त्या काचेकडे बघत होते. काचेवर खालच्या बाजूला अंगठीचे बारीक ओरखडे होते. नऊ वर्षं ते समजत होते की खोकी चांगली आहेत म्हणून काम चाललंय. काम ब्रशाने चाललं होतं आणि या ओरखड्यांनी. ती रोज इथे काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि ती सांगायला निघाली त्या दिवशी दार लावलं होतं.

तरीही निर्णय होईना. मुलीने फोनवर नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. “बाबा, बाई चांगली असेल. पण दोन माणसांची कंपनी आहे. उद्या तिला काही झालं तर? आपण पुन्हा तिथेच.”

दोघांनाही पुन्हा तिथेच म्हणजे कुठे ते ठाऊक होतं. मालक म्हणाले, बघतो.

दुसऱ्या दिवशी शिडीवाली जागांची मापं घ्यायला आली तेव्हा मालकांनी तिला केबिनमध्ये बसवलं, चहा दिला, आणि कप निम्मा होईपर्यंत हवापाण्याचं बोलत राहिले. असं तोंडावर कुणाला विचारायची त्यांना सवय नव्हती.

“रागावू नका,” ते म्हणाले. “उद्या तुम्ही नसलात, तर हे कोणाला कळणार?”

ती रागावली नाही. बॅगेतून एका दुसऱ्या कामाचा कागद काढून तिने टेबलावर पसरला, आणि ग्राहकाचं नाव होतं त्या कोपऱ्यावर हात ठेवला. इमारतीचा नकाशा होता. प्रत्येक तार कुठून निघते आणि कुठे जाते, प्रत्येक खोक्याला नंबर, बंद पडलं तर आधी काय करायचं, मग काय, आणि त्याने नाही झालं तर कोणाला बोलवायचं. ती म्हणाली, असा एक कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. पासवर्ड दोन पाकिटांत बंद करून देते, दोन वेगवेगळ्या माणसांकडे. माझ्याशी भांडण झालं, मी मेले, नाहीतर मला कंटाळा आला, तरी दुसरा कोणीही येऊन तासाभरात काम हातात घेऊ शकेल. सामानही असंच निवडते की दुसऱ्याला उघडता यावं.

“मग लोक तुम्हाला सोडून जात नाहीत?”

“काही जातात,” ती म्हणाली. “माझ्याशिवाय चालायला हवं. नाहीतर ते काम कसलं?”

मालकांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. चौथ्या ओळीत एक शब्द कळला नाही तर विचारला. तिने तो सांगितला आणि म्हणाली की तुमच्या कागदावर तो लिहिणार नाही.

“तुमच्याकडूनच घेतो,” मालक म्हणाले.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली की मोठ्या कंपनीला हा प्रश्न विचारावा असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या ऑफिसात विचारून बघते म्हणाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला की ऑफिसात कोणालाच माहीत नाही, आणि बापलेक त्यावर बराच वेळ हसले. टायवाल्याला मालकांनी स्वतः फोन करून नकार कळवला. होऊनजाईलला सांगायचं काम मेहुण्याने अंगावर घेतलं.

काम सुरू झालं. आधी धुलाईचा हॉल, मग ड्रायरचा. शिडीवाली आणि तिचा चुलतभाऊ दुपारी जेवणाच्या सुट्टीत तारा ओढायचे, म्हणजे ट्रॉल्या थांबायला नकोत. ती खरोखरच जाताना केर काढायची. मावशी हे सगळ्यांना बोट दाखवून दाखवायच्या. कपाटाच्या दाराला नकाशा लागला. त्यातली शेवटची ओळ मालकांनी सांगून घातली होती, दर शुक्रवारी जाळी झाडणे, आणि पुढे सहीसाठी चौकोन. पासवर्डाचं एक पाकीट पोस्टाने मुलीकडे गेलं. दुसरं मावशींना दिलं. त्यांनी ते कुठे ठेवलं हे कोणालाच सांगितलं नाही, तेव्हा शिडीवालीने त्यांना सांगायला लावलं.

जुनं खोकं उतरवल्यावर एक दिवस शिडीवालीने मालकांना कपाटासमोर उभं केलं, मुद्दाम सगळं बंद केलं आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मालकांनी चष्मा लावला. कागद वाचत, दिवे मोजत, एकदा चुकीची तार काढून परत घालत त्यांनी सगळं चालू केलं. चाळीस मिनिटं लागली. मावशी दारात उभ्या राहून, लग्नात इतका घाम आला होता का, असं विचारत होत्या. शेवटी हॉलमधून पहिली टुंग ऐकू आली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मालक म्हणाले, आता पुन्हा बंद करा. दुसऱ्या वेळी अकरा मिनिटं लागली.

मुदत संपली त्या दिवशी सलग तेवीस दिवस दोन्हीकडचे आकडे जुळत आले होते. मेट्रनबाईंनी बोलावलं नाही, त्या स्वतःच आल्या. मळक्या दाराने शिरून सगळं फिरल्या. चार नंबरपाशी एका कामगाराच्या हातातून यंत्र घेऊन स्वतः गठ्ठ्याला लावून पाहिलं. केबिनमध्ये येऊन कपाटाच्या दारावरचा कागद खालपर्यंत वाचला, आणि शुक्रवारच्या चौकोनांत कुणाच्या सह्या आहेत ते विचारलं. दोन सह्या मालकांच्या होत्या, एक मावशींची आणि एक मेहुण्याची. तो एका शुक्रवारी सहज आला होता आणि ब्रश मागून घेतला होता.

तीन महिन्यांचं काम त्यांनी तिथेच पक्कं केलं. वर्षभराचं पत्र हॉस्पिटलाच्या बैठकीत ठरतं आणि बैठक पुढच्या महिन्यात आहे.

इस्त्रीखान्यात अजून जुनीच तबकडी आहे. तिथल्या तारा ओढायच्या राहिल्या आहेत.